आज कुणाकडे जायचं?

मुंबईतली राणीची बाग एका सकाळीत उरकून येणारी कुटुंबं बघितली की मला मुलांसाठी वाईट वाटतं. आत शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न, 'पेंग्विन कुठे?' मग वाघ झाला, अस्वल झालं, मगर झाली, चला पुढे, ऊन वाढतंय. प्रत्येक प्राण्यापुढे एक फोटो, पाठ प्राण्याकडे आणि तोंड मोबाइलकडे. परतीच्या लोकलमध्ये विचारलं जातं, 'काय काय बघितलंस, सांग', आणि मूल घडाघडा नावं म्हणून दाखवतं. वाघ कुठल्या कुशीवर झोपला होता ते मात्र त्याला सांगता येत नाही, कारण तेवढा वेळ त्याला कुणी उभंच राहू दिलेलं नसतं.

प्राणी कसा बघायचा, हे मी शिकले माझ्या सासूबाईंकडून. आम्ही राहतो ठाण्यात, पोखरण रोडला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. त्या मात्र मूळच्या लालबागच्या. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. दहा बाय दहाच्या खोलीत अख्खं कुटुंब, दारासमोर गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. त्या भागात हिरवं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. गिरण्या, चाळी, धुराडी, आणि त्या सगळ्याला लागून ही 1862 साली उघडलेली प्रचंड बाग. कागदोपत्री तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन्स, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडी ती कायम राणीची बागच राहिली.

वडिलांची तिसरी पाळी असली की सकाळी घरी येऊन ते चार-पाच तास झोपायचे आणि दुपारी पोरांना घेऊन बाहेर पडायचे. खोली रिकामी झाली की आजीला आणि आईला जरा पाठ टेकता यायची, हा त्यातला खरा हेतू. लालबागहून चालतच जायचे. वाटेत ते विचारायचे, 'आज कुणाकडे जायचं?' पोरं एकच नाव घ्यायची. सिंह म्हटलं तर सिंह, माकडं म्हटलं तर माकडं. त्या दिवशी त्याच्याकडेच जायचं, समोर बसायचं आणि घरी यायचं. बाकीचे कुठे पळून जाणार नव्हते आणि यांनाही पुढच्या पाळीत पुन्हा यायचंच होतं. सासूबाई सांगतात, 'आम्हाला कधी बाग संपवायची नव्हती गं. आम्ही तिथे राहायलाच होतो म्हण की.'

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यातले कित्येक पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत. सासूबाईंचं तोवर लग्न होऊन त्या ठाण्यात आल्या होत्या. भावांनी पुढे खोली विकली, एक कळव्याला गेला, एक डोंबिवलीला. चालत जाण्याच्या अंतरावरची बाग सगळ्यांनाच लांब पडली. म्हणून लेकीने जेव्हा हट्ट धरला की शाळेतल्या सगळ्यांनी पेंग्विन बघितलेत, आपणच नाही, तेव्हा मी आधी सासूबाईंना विचारलं, 'आई, तुम्ही येणार ना?' गुडघ्यांचं कारण त्या सांगतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, 'रविवार नको. मेगाब्लॉक असेल, लोकल रखडतील. आणि बुधवारी बाग बंद असते.'

शनिवार ठरला. नवरा, मी, दुसरीतली लेक, चार वर्षांचा धाकटा आणि आई. ठाण्याहून फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, त्यामुळे गाडी बदलायची कटकट नव्हती. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली ती याच मार्गाने, हे लेकीला शाळेत नुकतंच शिकवलं होतं. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनांची नावं तिने डब्यातल्या अनोळखी काकांनाही ऐकवली. भायखळ्याला उतरल्यावर आईंनी स्टेशनच्या दगडी इमारतीकडे मान वर करून बघितलं. या स्टेशनाची जुनी रया परत आणण्याचं काम झालं आणि 2022 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. 'आमच्या वेळी याच्याकडे कुणी बघायचं नाही,' त्या म्हणाल्या, आणि चांगल्या दोन-तीन मिनिटं बघत उभ्या राहिल्या.

बागेच्या तोंडाशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती. धाकट्याला तो खरा वाटला नाही, पण खोटाही वाटला नाही, म्हणून तो त्याच्याभोवती सावधपणे फिरला. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि 1914 मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. लेकीला तुटल्याची गोष्ट फार आवडली. सांधे कुठे आहेत ते तिने शोधायला घेतलं, आणि मला आनंद झाला की अजून आत शिरायच्या आधीच ती बघायला लागली होती.

तिकिटाचं एक सांगायला हवं. 2017 पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये पडायचे, आता पन्नास पडतात. आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून शंभर. आजच्या हिशेबाने ते फार नाहीत, मॉलमधल्या खेळांपेक्षा कितीतरी कमी आहेत. पण ज्या बागेत एक प्राणी बघून उठावं आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात यावं असं मला वाटतं, तिथे तिकीट खिशाला परवडेल इतकंच असलं पाहिजे. तिकीट जास्त असलं की माणूस पैसे वसूल करायला बघतो, आणि मग धावपळ आलीच.

आत गेल्यावर आम्ही दोन गट केले. नवरा धाकट्याला घेऊन पेंग्विनच्या रांगेकडे गेला. आईंनी लेकीला विचारलं, 'आज कुणाकडे जायचं?' लेक गोंधळली. तिला सगळ्यांकडे जायचं होतं. मग आईंनीच ठरवलं. पाणघोडा.

आम्ही पोचलो तेव्हा तळ्यात काहीच दिसत नव्हतं. हिरवट, गढूळ पाणी आणि त्यावर दोन-चार पानं. एक कुटुंब आलं, 'रिकामं आहे रे' म्हणालं आणि गेलं. दुसरं आलं, गेलं. आई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. लेक म्हणाली, 'आजी, इथे कुणीच नाहीये.' आई म्हणाल्या, 'श्वास घ्यायला येईल ना वर. त्याला काय आपल्यासारखी घाई आहे?'

आणि आला. आधी पाण्यावर दोन गोल भोकं उमटली, फुस्स करून वाफेसारखा तुषार उडाला, मग डोळ्यांचे दोन उंचवटे, मग कान. ते कान त्याने असे गरागरा फिरवले की पाण्याचे थेंब चारी बाजूंना उडाले. लेक खिदळली. तेवढ्यात नाकपुड्या मिटल्या, आतून कुणी दार लावून घ्यावं तशा, आणि सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं. लेकीने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. पाणघोडा पाण्याखाली पाच मिनिटांपर्यंत राहू शकतो, झोपेतही तो जागा न होता वर येऊन श्वास घेतो आणि परत खाली जातो. शिवाय तो खऱ्या अर्थाने पोहत नाही, तळाला पाय टेकून चालतो. हे सांगितल्यावर लेकीने मोजणं सोडलं आणि पाण्याच्या पृष्ठभागावर कुठे हालचाल दिसते का ते शोधायला लागली. मग तिला ती दिसली. पाणी एका ओळीत हळूहळू फुगत पुढे सरकत होतं. 'आजी, तो चाललाय! खालून चाललाय!' ती एवढ्यांदा ओरडली, की शेजारून निघालेलं एक कुटुंब थांबलं.

थोड्या वेळाने तो उथळ भागात येऊन अर्धा बाहेर निघाला. एवढं अवाढव्य धूड, टनाच्या हिशेबात मोजायचं, आणि त्याच्या मानेच्या वळ्यांत, कानांमागे गुलाबी झाक. थांबलेल्या कुटुंबातले बाबा म्हणाले, 'लागलंय वाटतं त्याला, रक्त आलंय.' ते रक्त नसतं आणि घामही नसतो. पाणघोड्याच्या कातडीतून एक स्राव निघतो, तो हवेत लालसर होतो. उन्हापासून कातडी वाचवणं आणि जखमेत जंतू वाढू न देणं ही दोन्ही कामं तो करतो. दिवसभर पाण्यात आणि चिखलात राहणाऱ्या, एकमेकांना सुळ्यांनी ओरबाडणाऱ्या प्राण्याला हे असं मलम अंगातच मिळालं आहे. मग त्याने तोंड उघडलं. सगळे म्हणाले, जांभई. पाणघोड्याची ही जांभई पुष्कळदा झोपेची नसते, माझे सुळे बघून घे, असं समोरच्याला बजावणं असतं. ते सुळे बघितल्यावर लेक आजीच्या पदराला चिकटली.

त्यानंतर जे झालं त्याने तिचा दिवस सार्थकी लागला. पाणघोड्याने शेपटी पंख्यासारखी भराभर हलवत शेण चहूकडे उडवलं. तिथल्या झाडून सगळ्या मुलांचा एकच कल्ला झाला. आपली हद्द दाखवायची ही त्याची रीत. आईंनी डोळ्यांतून पाणी येईतो हसून घेतलं आणि म्हणाल्या, 'बाबा असतानाही असंच करायचा. अगदी असंच.' तो हा नसणार, त्याच्या आधीच्या पिढीतला असणार. मी काही बोलले नाही.

अर्धा तास तरी आम्ही तिथे असू. पाणघोड्याचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक देवमासे आहेत, हे मी लेकीला निघताना सांगितलं. दिसायला डुकरासारखा, नातं मात्र समुद्रातल्या माशासारख्या दिसणाऱ्या सस्तन प्राण्याशी. तिने वळून पुन्हा एकदा पाण्याकडे बघितलं.

मला या विषयात जे वाटतं ते इथेच सांगते. हे जनावर इथे स्वतःच्या मर्जीने आलेलं नाही. आफ्रिकेतल्या नद्यांत ज्याचं गोत आहे, ते भायखळ्याच्या तळ्यात जन्म काढतं, कशासाठी? आपल्याला बघता यावं म्हणून. प्राणिसंग्रहालयं बंदच करा म्हणणाऱ्या लोकांचं म्हणणं मला समजतं, त्यांच्या कळवळ्याबद्दल मला आदर आहे. पण शहरातल्या ज्या मुलाला जंगल सफारी या जन्मी परवडणार नाही, त्याला दुसऱ्या जिवाचा श्वास ऐकू यायला दुसरी जागा कुठे आहे? म्हणून बाग असावी, असं मला वाटतं. पण मग आपण त्या जनावराचं देणं लागतो. त्याच्याकडे नीट बघायचं, तो काय करतोय ते कळेपर्यंत उभं राहायचं. तेवढंही आपण देणार नसू, तर त्याला कोंडण्याचं कुठलंच कारण उरत नाही.

गोष्टी बदलल्या आहेत, हेही खरं. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण झालं, नियम आले, आणि देशभर जुने गजांचे पिंजरे जाऊन खंदक, काचा, मोकळी आवारं येऊ लागली. 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा निर्णय प्राधिकरणाने घेतला. आईंच्या लहानपणी बागेत हत्तीवरून फेरी मिळायची. त्यांनीही ती मारली आहे आणि त्याची आठवण त्या आनंदाने काढतात. लेकीने विचारलं, 'मग आता का नाही?' आई म्हणाल्या, 'बरं झालं बंद झालं. वर बसल्यावर मजा यायची. उतरल्यावर त्याच्या पायातली साखळी दिसायची.'

वाघाच्या काचेपुढे गर्दी होती. 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघाची जोडी इथे आली, तेव्हापासून बागेतली सर्वांत मोठी गर्दी इथे आणि पेंग्विनकडे. वाघ काचेजवळ आडवा पडला होता आणि आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा तळहाताने काचेवर थापा मारत होता. बाजूला त्याचे काका मोबाइल धरून, 'अजून जोरात मार, उठेल.' माझ्या अंगाची लाही झाली. मी काही बोलायच्या आत आई पुढे सरकल्या आणि त्या मुलाला म्हणाल्या, 'बाळा, त्याचा पंजा बघितलास का? तुझं तोंड मावेल का रे त्यात?' मुलगा थांबला. हात खाली घेतला आणि काचेला नाक लावून पंजा बघू लागला. 'नखं दिसत नाहीत,' तो म्हणाला. 'आत ओढून घेतलीत त्याने,' आई म्हणाल्या, 'चालताना झिजू नयेत म्हणून.' वाघाने मिशीही हलवली नाही. पोटाची कातडी तेवढी वरखाली होत होती, आणि तो मुलगा ती बघत राहिला. काकांनी मोबाइल खिशात ठेवला. रागावून बोलले असते तर मला हे जमलं नसतं.

नवरा आणि धाकटा आले ते तावातावाने बोलतच. धाकट्याची तक्रार होती की पेंग्विनकडे बर्फच नाही. ती रास्त होती, चित्रांच्या पुस्तकात पेंग्विन बर्फातच असतो. हे हम्बोल्ट पेंग्विन, पहिले 2016 मध्ये सोलहून आणलेले, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तो किनारा वाळवंटी आहे, शेजारून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो म्हणून तिथे पेंग्विन राहतात. नवऱ्याने हे सगळं रांगेतच त्याला समजावलं होतं. धाकटा तरीही म्हणाला, 'मग आपण ठाण्यातून बर्फ नेऊ या.'

पायवाटेने चालताना आई प्राण्यांपेक्षा वर जास्त बघत होत्या. ही बाग आधी झाडांची आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. गोरखचिंचेचं खोड आम्ही सगळ्यांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात, आणि फळं तोफेच्या गोळ्याएवढी. ब्रह्मदेशातून आलेला उर्वशीचा वृक्ष इथे आहे, लाल फुलांचे झुबके खाली सोडणारा. 2007 च्या सुमारास बागेचा पूर्ण कायापालट करायची मोठी योजना निघाली होती आणि जुनी झाडं धोक्यात आली होती. तेव्हा काही नागरिक, त्यातही काही बायका, चिकाटीने उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं पत्रं लिहीत, सुनावण्यांना जात राहिल्या. आज ज्या सावलीत आपण पाणी पितो ती त्यांनी राखलेली आहे.

बिबट्याकडे लेकीला मुद्दाम न्यायचं होतं, कारण तो आमचा शेजारी आहे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. 104 चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत आणि त्याच्या भोवताली माणसांचं शहर. 2019 च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातल्या मॉलच्या आवारात शिरला होता, तिथून जवळच्या हॉटेलात गेला, आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला बेशुद्ध करून बाहेर काढला. तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्यांना अचानक कळलं की समोरचा डोंगर रिकामा नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली माणसांना ते कळायला असं काही व्हावं लागत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजतात, आणि त्यांच्या वाघोबात बिबट्याही आला.

लेक बिबट्यापुढे बराच वेळ उभी होती. तो फळीवर पोट टेकून पडला होता, एक पाय खाली लोंबत, शेपटीचं टोक तेवढं मधूनच हलत. तिने एक गोष्ट शोधून काढली. पाठीवरचे ठिपके भरीव नाहीत, काळ्या ठशांची कडी आहेत, आणि पायांवर मात्र ते भरीव होत जातात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'आई, आपल्या डोंगरावरचापण असाच असेल?' असाच, पण प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणूनच जंगलातल्या कॅमेऱ्यांत आलेले बिबटे एकमेकांपासून ओळखता येतात. मग तिने विचारलं, तो रात्री आपल्या खिडकीतला दिवा बघत असेल का. नवरा म्हणाला, बघत असणार.

मगर राहिली, पक्ष्यांचं मोठं दालन राहिलं. आईंचे गुडघे बोलायला लागले होते. लेक 'राहिलं, राहिलं' करत कुरकुरली नाही, याचं मला खूप बरं वाटलं. डबा आम्ही भायखळ्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर उघडला. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. धाकटा घास तोंडात घेऊनच आडवा झाला.

बदलापूर फास्ट मिळाली. समोर आईंच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. लेक वडिलांना पाणघोड्याच्या शेणाचं साग्रसंगीत वर्णन ऐकवत होती ते ऐकून त्या हसल्या आणि विचारलं, 'राणीच्या बागेतून का?' माहेर परळचं, वडील गिरणीत, भाऊ संपानंतर बदलापूरला. पुढे मला काही बोलायची संधीच मिळाली नाही. कुठली गिरणी, कुठलं खातं, कोणती चाळ, हत्तीवर बसताना कुणाची चप्पल पडली होती, माकडांना शेंगदाणे टाकल्याबद्दल कुणी रखवालदाराचा ओरडा खाल्ला होता. दोघी एकमेकींचे हात धरून बोलत होत्या. मुलुंड गेलं तरी आई उठेनात. शेवटी नवऱ्याने धाकट्याला खांद्यावर घेतलं, मी आईंचा दंड धरला, आणि आम्ही ठाण्याच्या गर्दीतून कसेबसे उतरलो. गाडी हलली तेव्हा त्या बाई खिडकीच्या गजांतून ओरडून सांगत होत्या, 'ताई, पुढच्या वेळी गुरुवारी जा! गुरुवारी गर्दी नसते!'